सहावारी भिंग, नऊवारी लुगडं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बनारसच्या दुर्गाघाटावरील एका सत्शील मराठी घरातल्या सहाणेवर, जिच्यावर तीन पिढ्या चंदनाखेरीज काहीही उगाळलं गेलं नव्हतं, यंदा पाडव्याच्या आदल्या आठवड्यात ॲल्युमिनियम उगाळण्यात आलं. उगाळणारी व्यक्ती मी. वय त्रेपन्न, नोकरी रेल्वेच्या कचेरीत, प्रकृती ठणठणीत, डोकं ठिकाणावर. यात सहाणेची काही चूक नाही, तिला कुणी बोल लावू नये. माझीही नाही. माफी मागितली जाणार नाही. सहाण घासूनपुसून पुन्हा देवांच्या सेवेत रुजू झालेली आहे, तरी बघ्यांनी गर्दी करू नये.

आता हे का घडलं ते सांगते. सुरुवात एका रशियनापासून करावी लागेल.

माझे वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांच्याकडे व्याकरण शिकायला परदेशी विद्यार्थी येत आणि चटईवर मांडी घालायचा प्रयत्न करत. त्यांतला एक रशियन इतका उंच होता की आमच्या दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ रोज न चुकता भेटायचं. दोन वर्षं शिकून तो परत निघाला तेव्हा त्याने गळ्यातला कॅमेरा काढून गुरुदक्षिणा म्हणून बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी तो घेतला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात ठेवून दिला. पुढची कित्येक वर्षं तो फक्त खंडेनवमीला बाहेर यायचा. विळी, कात्री, अडकित्ता आणि रशियन कॅमेरा, अशी आमच्याकडची शस्त्रपूजा असे. फोटो त्याने एकही काढला नाही, पण फुलं भरपूर वाहून घेतली.

बाबा गेले. कॅमेऱ्याच्या आतलं कापड कुजलं, चाकं गंजली. पण पुढचं भिंग मात्र ठणठणीत होतं. जड, काळं, गच्च, आणि हातात घेऊन फिरवलं की तुपात चमचा फिरवावा तसं मऊ फिरायचं. ते टाकवेना. मग काही वर्षांपूर्वी कचेरीतला एकजण बदली होऊन जाताना त्याच्या डिजिटल कॅमेऱ्याची नुसती बॉडी मला देऊन गेला. त्याची लेन्स पडून फुटली होती. एकीकडे डोळा नसलेला तरणाताठा कॅमेरा, दुसरीकडे शरीर नसलेला म्हातारा डोळा. मला स्थळ जमवायचा मोह आवरला नाही.

मध्यस्थ असतो तो अडॅप्टर. म्हणजे धातूची एक कडी. तिच्या एका बाजूला जुनं भिंग बरणीच्या झाकणासारखं फिरवून बसवायचं, दुसऱ्या बाजूने ती कडी नव्या कॅमेऱ्यात खट्‌कन अडकवायची. मी ऑनलाइन मिळाली ती घेतली. बसवली. कॅमेरा म्हणाला, लेन्स जोडलेली नाही. त्याच्या तोंडात अर्धा शेर काच कोंबलेली, तरी लेन्स नाही म्हणतो. नव्या कॅमेऱ्याला जुन्या भिंगाशी बोलता येत नाही, त्यामुळे ते त्याच्या लेखी नसतंच. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी जाऊन त्याला हुकूम द्यावा लागतो, की बाबा रे, लेन्स नाही असं तुला वाटत असेल तर वाटू दे, तू फोटो काढ. हुकूम दिला. त्या दिवसापासून मी सगळं हाताने करते. फोकस हाताने, उजेडाचा अंदाज डोळ्याने, आणि चूक पूर्णपणे स्वतःची.

कडीत दोन ठिकाणी खोट निघाली. भिंगाच्या पोटात पाकळ्या असतात, त्या मिटल्या की फोटोत पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. या पाकळ्या मिटायला भिंगाच्या मागची एक बारीक पिन दाबलेली राहावी लागते, आणि माझी कडी ती दाबत नव्हती. पिन दाबून चिकटवून टाका, असं लोक म्हणाले. चिकटवली. सुटली. म्हणजे माझं भिंग कायम डोळे विस्फारून बघणार. एका अंतरावरचं लख्ख, त्याच्या पुढचं-मागचं विरघळलेलं. दुसरी खोट, कडी केसभर जाड होती, त्यामुळे भिंगाला लांबचं दिसतच नव्हतं. गंगेचा पलीकडचा काठ माझ्या फोटोत आला की मठ्ठ्यासारखा दिसायचा. मला काही फरक पडत नव्हता. मी जवळचं काढायची. आत्याचे हात, घाटावरच्या शेळ्या, जिलबी. पाच-सहा वर्षं आमचा संसार सुखाचा चालला.

मग मंडळाची मीटिंग झाली.

आमच्या मराठी मंडळात पाडव्याच्या फोटोचं महत्त्व गुढीपेक्षा जास्त. गुढी संध्याकाळी उतरते, फोटो वर्षभर हॉलमध्ये लटकतो. घाटाच्या पायऱ्यांवर वीस-बावीस माणसं, तीन ओळी. खाली सपाटीवर खुर्च्या. त्यांत अध्यक्ष, माजी अध्यक्ष, त्यांच्याही आधीचे अध्यक्ष. दोन पायऱ्या सोडून दुसरी ओळ, तिच्यात होतकरू म्हणजे साठीच्या आतले पुरुष. आणखी दोन पायऱ्या सोडून, भिंतीला टेकून, मागची ओळ. मागची ओळ म्हणजे स्वयंपाकघर. शंभर माणसांचं श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कडुनिंबाची चटणी करणाऱ्या सात बायका. त्या सगळ्यांत शेवटी, ओले हात पदराला पुसत येतात आणि जागा उरलेली असते तिथे उभ्या राहतात. त्यांना पुढे या म्हणावं तर येत नाहीत. खुर्च्या तर भरलेल्या असतात. या सातांत माझी आत्या आहे, पंचाहत्तरीची, अजून नऊवारी नेसणारी. आणि अध्यक्षांची बायको, आमच्या काकू, चक्का फेटावा तर त्यांनी. हॉलमधल्या इतक्या वर्षांच्या फोटोंत या सातजणी कुठेच नाहीत. आहेत, पण पावसाळ्यातल्या भिंतीवरच्या ओलीसारख्या आहेत. आधीच्या फोटोंत चेहरे मोहरीएवढे. आणि हल्ली फोटो काढतात अध्यक्षांचे जावई, जे घाटांवर लग्नाआधीची जोडपी नावेत बसवून त्यांचे फोटो काढायचा धंदा करतात. त्यांचा कॅमेरा स्वतःहून सासऱ्यांचा डोळा शोधतो आणि तेवढाच कोरून काढतो.

मोबाईलवर कुणी काढत असेल म्हणाल, तर नाही. एका वर्षी अकराजणांनी अकरा मोबाईल धरले आणि फोटोत प्रत्येकजण वेगळीकडे बघताना आला, जणू कुठेतरी साप निघाला आहे. तेव्हापासून फोटोच्या वेळी सगळे मोबाईल पुऱ्यांच्या रिकाम्या टोपलीत जमा होतात. मंडळाचा तसा ठरावच आहे.

तर मीटिंग. होळीनंतरचा रविवार. अध्यक्ष काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं प्रत्येक वाक्य मुद्द्याने सुरू होतं.

"मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "की यंदा फोटो मोठा करून लावायचा आहे. मागची ओळ नाहीतरी दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. तर यंदापासून दोनच ओळी घेऊ. बायकांनाही तेवढाच आराम."

"काका, उभं राहायला कसला आराम लागतो?" मी म्हटलं. "बारा किलो चक्का फेटताना आराम दिला असतात तर बरं झालं असतं."

"तसं नाही गं बेटा."

"मग कसं?"

"जावईबापूंना विचार. ते एक्स्पर्ट आहेत."

जावईबापू भला माणूस आहे. बनारसमध्येच वाढलेला, त्यामुळे मराठीत सुरू करतो आणि हिंदीत पोचतो. "मावशी, मागचं ब्लर असतं ना, तभी तो फोटो प्रोफेशनल दिसतो."

"मग मागची भिंत ब्लर करा. माझ्या आत्याला कशाला करता?"

"आता आत्या बॅकग्राउंडमध्येच येतात, तर क्या करें?"

तो हे कुठल्याही दुष्टाव्याने बोलला नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. पण माझं डोकं असं सणकलं म्हणता, की मी उभी राहिले आणि नाटकातल्या राणीसारखा हात पुढे केला. (मला हात पुढे करायला फार आवडतं. रेल्वेच्या कचेरीत संधी मिळत नाही.)

"यंदा फोटो मी काढते. तीन ओळींचा. मागच्या ओळीतल्या प्रत्येकीच्या चष्म्याची काडी दिसेल असा."

"तुझ्या त्या रशियन डबड्याने?" काका म्हणाले, आणि दोन माजी अध्यक्ष एकाच वेळी हसले.

"त्याच डबड्याने."

काकांनी बँकेतल्यासारखं सुनावलं, "दिसली मागची ओळ, तर राहील. नाही दिसली, तर पुढच्या वर्षापासून दोन ओळी, आणि यावर पुन्हा चर्चा नाही. मिनिट्समध्ये घ्या."

मिनिट्समध्ये घेतलं गेलं.

बाहेर जावईबापूने मला गाठलं. "मावशी, टेन्शन नका घेऊ. माझी लेन्स घेऊन जा. एफ-आठ केलं की आगे-पीछे सब आ जाएगा."

म्हणजे त्याला येत होतं. एक चकती दोन घरं फिरवली की मागची ओळ दिसते, हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि फिरवावीशी वाटली नव्हती. मी लेन्स घेतली नाही. शहाण्या बाईने घेतली असती. पण त्याच्या लेन्समधून आत्या दिसली असती तर ती त्याच्या मेहेरबानीने दिसली असती, आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा धुक्यात गेली असती. शिवाय मी हात पुढे केला होता. पुढे केलेला हात दुसऱ्याची लेन्स घ्यायला मागे आणता येत नाही.

घरी आत्या पोळ्या लाटत होती. स्वयंपाकघरात बातमी माझ्याआधी पोचली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"आत्या, तुम्हा सगळ्याजणींना फोटोतून काढत होते."

"काढू देत. नाहीतरी आम्ही आहोत कुठे त्यात?"

"म्हणून तर म्हणते, यंदा दिसाल."

"बाई गं," असं म्हणून ती लाटायची थांबली. "मागे बरं असतं. कुणी बघत नाही."

मी हा तिचा विनय समजले. गहिवरलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजमाप सुरू झालं. आत्याने धुतलेलं लुगडं घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातलं होतं, खालून वर, एका पायरीवरून दुसरीवर, उतरत्या पालखीच्या झुलीसारखं. मी खाली उभी राहिले आणि भिंग फिरवत नजर लांब न्यायला लागले. जवळचा काठ लख्ख. पुढचे दोन वार लख्ख. पुढे पुढे फिरवत नेलं, आणि साधारण सहा वारांशी भिंगाची फिरकी संपली. खट्‌. त्याच्या पलीकडचं लुगडं नुसता हिरवा रंग. मी पायरीवर बसले आणि परिस्थितीचा स्वीकार केला: माझं भिंग सहावारी होतं आणि लुगडं नऊवारी. पाडव्याला पहिल्या ओळीतल्या खुर्च्या सहाव्या वारावर येणार, आणि आत्या नवव्या. म्हणजे या भिंगालाही, इतकं दुरून, रशियातून येऊन, फक्त अध्यक्षच दिसत होते.

कडी बारीक करायला हवी होती. केसभर. खराद म्हणजे लेथ मशीनवाल्याकडे गेले. त्याने कडी बोटावर फिरवून पाहिली, पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाला, "होली के बाद आइए, दीदी."

"होली हो गई, भैया."

"अरे, अभी कहाँ हुई."

बनारसमध्ये होळी कधी संपते हे पंचांगात नसतं, खरादवाल्याच्या मनात असतं. पाडवा नऊ दिवसांवर. मी कडी घेऊन घरी आले, आणि माझी नजर देवघरात गेली.

सहाण चुनारच्या दगडाची. सपाट, बारीक दाण्याची, थंड. रहस्यकथेतलं हत्यार नेहमी डोळ्यांपुढेच असतं, तसं. आत्या कीर्तनाला गेली होती. मी हात धुतले, थोडं पाणी घातलं, कडीचा तो काठ दगडावर टेकवला जिथे भिंग येऊन बसतं, आणि उगाळायला लागले. बाबा शिकवायचे तसं, सावकाश, मनगटाने. राखाडी गंध निघालं. मला सांगायला लाज वाटत नाही, फार छान वाटत होतं. चार दिवस, रोज आत्या कीर्तनाला गेल्यावर अर्धा तास. पाचव्या दिवशी आत्या लवकर आली.

दारात उभं राहून तिने पाहिलं. मी, पुढ्यात सहाण, सहाणेवर राखाडी चिखल. आणि तिला उलगडा झाला.

"म्हणजे गेले चार दिवस बाळकृष्ण राखाडी दिसतोय तो तुझ्यामुळे? मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली."

"आत्या, तुझ्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी देवाला ॲल्युमिनियम लावतेस?" ती माझ्याजवळ बसली. आता मार बसणार, असं मला त्रेपन्नाव्या वर्षी वाटलं. तिने कडी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "आणि तेही धड नाही. एका बाजूने जास्त झिजवलंस. तुझा हात लहानपणापासून तिरका. तुझं गंधसुद्धा कधी सारखं निघालं नाही."

खरं होतं. मी दाबत होते ती तळहाताच्या टाचेने, एकाच बाजूवर. चंदनाच्या खोडाला चालतं, ते तिरकं झिजलं तरी कुणी विचारत नाही. कडी मात्र एका अंगाने पातळ, दुसऱ्या अंगाने तशीच जाड राहिली होती. भिंग तिच्यावर बसवलं तर ते कॅमेऱ्यावर सरळ न बसता मान वाकडी करून बसलं. सहाण आम्ही दोघींनी चिंचेने घासली. कडी मात्र आत्याने स्वतः वाळवून कोपऱ्यात ठेवली, हे मी पाहिलं.

पाडव्याला दोन दिवस. पुन्हा घाट, पुन्हा लुगडं. भिंग आता लांबवर पोचत होतं, पण दिसत होतं ते आधीपेक्षा वाईट. सबंध लुगड्यातली एक वीतभर पट्टी लख्ख, बाकी सगळं वर-खाली विरघळलेलं. मी पट्टी वर नेली, खाली आणली. वीतच. ओळ कसली, एकीचं नाकही पुरतं आलं नसतं. आणि मिनिट्समध्ये लिहिलेलं होतं.

"धर जरा," असं म्हणून कॅमेरा आत्याच्या हातात दिला आणि मी पायरीवर बसून घेतलं. मला रडू येत नाही, पण अशा वेळी बसावं लागतं.

आत्याने कॅमेरा उलटा धरला. वरची बाजू खाली, खालची वर. तसाच डोळ्याला लावला.

"आत्या, उलटा आहे तो."

"असेना. लुगडं दिसतंय की सगळं. त्या टोकाला मी टाचलं होतं तो टाकासुद्धा दिसतोय."

मी उठले आणि तिच्या हातातून कॅमेरा घेऊन उलटाच डोळ्याला लावला. खालचा काठ लख्ख. मधले वार लख्ख. नववा वार, पदर, त्यावरचा टाका, लख्ख. सगळं लुगडं एका वेळी, पाकळ्या सताड उघड्या असताना.

नंतर मी पुष्कळ वाचलं तेव्हा कारण कळलं, ते सोपं आहे. सरळ बसलेलं भिंग समोर भिंत असावी तसं बघतं. एका अंतरावरचं तेवढं त्याला स्पष्ट दिसतं. तेच भिंग पुढे थोडी मान तुकवून बसलं, तर त्याची ती भिंत कलते आणि उतारावर आडवी होते. आणि घाट म्हणजे उतारच. माझ्या तिरक्या हाताने कडी अशी झिजली होती की कॅमेरा सुलटा असताना भिंग आभाळाकडे मान करून बसायचं, आणि उलटा केला की बरोबर पायऱ्यांच्या चढाइतकी मान तुकवायचं. मोठमोठे फोटोग्राफर यासाठी खास लेन्स वापरतात. माझ्याकडे ती चुनारच्या दगडावर तयार झाली, आणि उलटं धरायची अक्कल आत्याची.

पाडव्याच्या सकाळी नऊ वाजता खुर्च्या मांडल्या गेल्या. ऊन समोरून, काकांच्या कपाळावर. मोबाईल टोपलीत पडले. दुसरी ओळ लागली. मग वरच्या गल्लीतून मागची ओळ आली, वेलदोड्याचा वास घेऊन. सातजणी भिंतीला टेकल्या. आत्या मधोमध, तिच्या शेजारी काकू. आत्या डावीकडे झुकून काहीतरी पुटपुटली, ते उजवीपर्यंत पोचलं, आणि मग सगळ्या अगदी देवळातल्यासारख्या गंभीर झाल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, यांना प्रसंगाचं महत्त्व कळलं आहे.

मी खालच्या चौथऱ्यावर उभी राहिले, कॅमेरा उलटा केला आणि डोळ्याला लावला.

"बेटा," काका म्हणाले, "कॅमेरा उलटा आहे."

"माहीत आहे, काका."

"नाही, म्हणजे खरोखरच उलटा आहे."

"खरोखरच माहीत आहे. हनुवटी वर घ्या."

दुसऱ्या ओळीत खसखस पिकली. एक माजी अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, "वडील इतके विद्वान होते हो हिचे." जावईबापूला राहवलं नाही, तो ओळ सोडून माझ्यापर्यंत आला. "मावशी, अजून टाइम आहे. माझा कॅमेरा घ्या. कुणी काही म्हणणार नाही."

"जावईबापू, तुम्ही जागेवर जा. नाहीतर बॅकग्राउंडमध्ये याल."

तो गेला. माझ्या कॅमेऱ्यात एक सोय आहे, जे स्पष्ट असेल त्याच्या कडा पडद्यावर लाल चमकतात. मी भिंग फिरवलं. खुर्च्यांचे हात लाल झाले. काकांचा चष्मा. दुसऱ्या ओळीतल्या टोप्या. आणि मग वर भिंतीशी, एकामागून एक, सात चष्म्यांच्या कडा लाल झाल्या, आरतीच्या ताटात वाती लागाव्यात तशा. माझं लक्ष फक्त त्या लाल कडांवर होतं. चेहरे मी बघत नव्हते.

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन."

उलट्या कॅमेऱ्याचं बटण अंगठ्याने खालून दाबावं लागतं. दाबलं.

ओळी मोडायच्या आत काका माझ्यापाशी आले, मागून दोन्ही माजी अध्यक्ष आणि जावईबापू. ओल्या हातांच्या बायका पायऱ्या उतरून त्यांच्या मागे जमल्या. मी कॅमेरा उलटाच धरला, फोटो पडद्यावर आणला आणि मोठा केला. आधी काकांचा चेहरा, म्हणजे ते शांत होतील. झाले. छान आले होते. मग फोटो सरकवत दुसऱ्या ओळीवर नेला. स्पष्ट. जावईबापू म्हणाला, "अरे," आणि जवळ झुकला. मग मी आणखी वर सरकवलं, मागच्या ओळीवर, आणि आत्यापाशी थांबवलं.

आत्याची जीभ बाहेर होती. हनुवटीपर्यंत. तिच्या एका बाजूची दोन्ही हातांचे अंगठे कानांत घालून बोटं हलवत होती, हलणारी बोटं तेवढी धूसर, बाकी धारदार. तिसरीने नाक वर ओढलं होतं. एकीने डोळे तिरळे केले होते, आणि तेही इतके नीट तिरळे की सराव असल्याशिवाय जमू नये. सातही जणी. आणि भिंतीला टेकून, पांढऱ्याशुभ्र उन्हात, चष्म्याच्या काडीसकट, काकू गाल फुगवून थेट खालच्या मधल्या खुर्चीकडे बघत वाकुल्या दाखवत होत्या.

टोपलीत एक मोबाईल वाजत राहिला, तो कुणी उचलेना. काकांनी पडद्याजवळ डोळे नेले, मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं आणि वळून बायकोला म्हणाले, "अगं, आज पाडव्याचा दिवस. आजच सुचलं तुम्हाला हे?"

आणि काकूंच्या तोंडून, सगळ्यांदेखत, निघून गेलं:

"आज कुठलं हो, दरवर्षी दाखवतो. तुम्हाला दिसलं आज."